चकचकीत नऊ मुठी

“रडायचं असेल तर तिकडं तोंड करून रड, पोरी. चाकावर पाणी माझं मी सोडते, त्यात तुझं नको.”

“रडत नाहीये मावशी. चष्मा पुसतेय.”

“मग बरंय. तो घासायचा कागद दे इकडं, बाराशे नंबरचा. तो नाही गं, तो सहाशेचा. दोन वर्षं झाली इथं येऊन, अजून कागद ओळखता येईना, अन् म्हणे डॉक्टर होणार.”

“कसली होतेय आता,” पोरगी म्हणाली. “शुक्रवारी प्रबंधाची समिती आहे. अन् दारांच्या चोवीस मुठींपैकी दहा नापास झाल्यात.”

मावशींनी हातातला तुकडा चाकावरून उचलला आणि चाक बंद केलं. कामाच्या मध्येच चाक बंद करणं मावशींच्या रीतीत बसत नाही. विभागप्रमुख दारात उभे राहिले तरी त्या हातातला तुकडा पुरा करतात आणि मग मान वर करतात. म्हणजे पोरीचं बोलणं नुसतं कानावर पडलं नव्हतं, आत कुठंतरी खुपलं होतं.

विद्यापीठाच्या धातुशास्त्र विभागात तळमजल्याला, जिन्याखालून वळलं की एक लांबोडकी खोली आहे. खिडकी एक, नळ दोन, फिरती चाकं तीन. या खोलीत मावशींची एकतीस वर्षं गेली. आल्या तेव्हा हातात झाडू होता. शिक्षण सातवी. झाडता झाडता त्या जुन्या मिस्त्रीच्या पाठीशी उभ्या राहायच्या. मिस्त्री धातूचा कापलेला तुकडा घ्यायचा, जाड कागदावर घासायचा, मग त्याहून बारीक, मग त्याहून बारीक, आणि शेवटी मखमलीच्या चाकावर धरायचा. तासाभरानं त्या भंगाराच्या तुकड्यात खोलीचा दिवा दिसायला लागायचा. मावशींना याचं मोठं नवल. एक दिवस त्यांनी झाडू भिंतीला टेकवून विचारलं, “मला देता का एक, वाया जाणारा?” मिस्त्रीनं दिला. तो तुकडा वाया गेला नाही, झाडूच गेला.

मिस्त्रीचा धडा एवढाच होता: एका कागदावर आडवं घासायचं, पुढच्यावर तुकडा फिरवून उभं. आडवी रेघ पुरती मेली की मगच पुढं जायचं. “मागचं मागंच संपव. एक रेघ जरी चुकवून पुढं नेलीस, तर शेवटी आरशात तीच तुझ्याकडं बघून हसेल,” असं तो म्हणायचा. मिस्त्री गेला, खोली मावशींची झाली. आता त्यांनी घासलेल्या तुकड्याखाली सही लागत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली एकही रेघ दिसली नाही की लोक समजतात कुणाचा हात आहे.

या घासण्यापायी एक गंमत झाली. मावशींच्या बोटांचे ठसे पार झिजले. विभागात बोट टेकवून हजेरी लावायचं यंत्र आलं, तेव्हा ते यंत्र मावशींना काही केल्या माणसात धरीना. दहाही बोटं टेकवून झाली. शेवटी दर महिन्याला कार्यालयाला पत्र जायला लागलं, की सदर महिला रोज कामावर येते. “मेल्यावर तरी पत्राशिवाय घ्यायला हवं,” असं मावशी त्यावर म्हणतात.

तर मुठींचं प्रकरण असं.

तांब्यावर जंतू फार वेळ जगत नाहीत, हे जाणत्यांना ठाऊक आहे. पोरीचं संशोधन त्यातलंच. तिनं आणि तिच्या मार्गदर्शक सरांनी तांब्यात आणखी एकदोन धातू मिसळून एक नवा मिश्रधातू तयार केला. त्याच्या दारांच्या मुठी ओतल्या. मावशींनी त्या घासून पॉलिश केल्या. मग सार्वजनिक आरोग्य विभागाच्या डॉक्टरबाईंनी परवानग्या काढून दिल्या आणि पलीकडच्या रुग्णालयात चोवीस दारांच्या जुन्या पोलादी मुठी काढून या बसवल्या. दर पंधरा दिवसांनी पोरगी जायची, प्रत्येक मुठीवरून ओला बोळा फिरवायची आणि तो काचेच्या बशीत टेकवून ठेवायची. दोन दिवसांत बशीत ठिपके उगवायचे. जितके ठिपके जास्त, तितके मुठीवर जंतू जास्त.

चौदा मुठींवर ठिपके नावापुरते. दहा मुठींवर मात्र पोलादावर असायचे तेवढेच, एकदा नाही, सलग बारा वेळा. धातू एक, ओतकाम एक, घासणारा हात एक. मग दहाच मुठींना झालं काय?

“सर काय म्हणतात?” मावशींनी विचारलं.

“सर म्हणतात, दहा काढून टाक. चौदा पुरेत. लिही, की सफाई कर्मचाऱ्यांनी त्या मुठी नीट पुसल्या नाहीत.”

“अन् तू?”

“मला तसं लिहायचं नाही. कारण माहीत नसताना काढायच्या म्हणजे खोटंच ते. पण कारण सापडलं नाही तर समिती म्हणणार, धातूच कामाचा नाही. दोन वर्षं पाण्यात. कॉलेजात शिकवायची नोकरी आहे, तिथली रजाही संपत आलीय.”

मावशींच्या डोक्यात दोन गोष्टी एकदमच आल्या होत्या. पहिली, मुठी त्यांच्या हातच्या होत्या. दुसरी, त्या मजल्यावरची सफाई कर्मचारी म्हणजे मावशींची सख्खी नणंद.

“कुठल्या दहा ते मला सांगू नकोस,” मावशी म्हणाल्या.

“का?”

“सांगितलंस तर मला त्याच दिसतील. आधी मी माझ्या डोळ्यानं बघून येते.”

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मावशी रुग्णालयात गेल्या. नणंद बादली घेऊन मधल्या व्हरांड्यात उभी होती. वयानं पाच वर्षांनी लहान, पण नात्यानं वन्सं, म्हणून मावशी अजून त्यांना अहोजाहो करतात. त्यात मान किती आणि टोमणा किती हे दोघींनाच माहीत.

“वन्सं, तुमच्यावर आळ आलाय.”

“कसला?”

“तुम्ही मुठी पुसत नाही म्हणे.”

वन्संनी पोछा बादलीत आपटला. “कोण म्हणतं? त्याला म्हणावं ये अन् दिवसातून तीनदा वाकून दाखव. वहिनी, उलट तुमच्या त्या मुठींनी माझी कंबर मोडली. पोलादाच्या होत्या तेव्हा एक फडकं मारलं की झालं. या मेल्या दर आठवड्याला जास्तच काळ्या पडतात. घासून घासून हात गेले, तरी लोक म्हणतात घाण आहे.”

“सगळ्याच काळ्या?”

“सगळ्या कशाला. काही गुणी आहेत. त्या पहिल्या दिवशी होत्या तशाच आहेत अजून, आरशासारख्या. त्या पुसल्या की मला बरं वाटतं.”

“चला, दाखवा मला तुमच्या गुणी.”

मावशींनी बरोबर पाठकोरा कागद आणि पेन्सिल आणली होती. दोघी एकेक दार करत चालल्या. मुठीच्या खालच्या अंगाला नंबर ठोकलेला होता. एक नंबर, तपकिरी. दोन नंबर, तपकिरी, बोटं धरतात तिथं काळपट. तीन नंबर चकचकीत. मावशींना आधी आपल्याच कामाचं कौतुक वाटलं. सहा महिने शंभर हात लागूनही हे पॉलिश टिकलं, म्हणजे काय हात आहे आपला. सहा नंबर चकचकीत. सात नंबर चकचकीत. चोवीस दारं होईस्तोवर कागदावर नऊ आकडे झाले, आणि कौतुक हळूहळू वाटेत कुठंतरी गळून गेलं होतं.

कारण हाताचा घाम लागून तांबं काळं पडणारच. एकतीस वर्षांत न काळं पडलेलं तांबं मावशींनी एकाच ठिकाणी पाहिलं होतं, काचेच्या कपाटात.

मावशी तीन नंबरच्या मुठीपाशी परत आल्या. डोळे मिटले आणि ठसे नसलेली बोटं मुठीवरून फिरवली. मग शेजारच्या चार नंबरवरून. चार नंबर बोटाला किंचित धरत होती. तीन नंबरवरून बोट निसटत होतं, ओल्या साबणावरून निसटावं तसं.

“काय चाललंय वहिनी? लोक बघतायत.”

“बघू देत. वन्सं, तुमची सुटका झाली.”

“अन् कोण अडकलं?”

“मी,” मावशी म्हणाल्या.

आता हे काचेच्या कपाटाचं सांगायला हवं. दर पाच वर्षांनी विद्यापीठाची श्रेणी ठरवायला बाहेरून तपासणीवाले येतात. ते येणार म्हटलं की विभागात लगीनघाई. भिंतींना रंग, कुंड्यांना गेरू, वह्यांना कव्हरं. जिथं वर्षभर कोळी नांदतात तिथं फलक लागतात. आणि दर्शनी काचेच्या कपाटात विभागाचं काम मांडायचं. धातूचे तुकडे नुसते ठेवले तर आठवड्यात डागाळतात, म्हणून मिस्त्रीच्या काळापासूनची रीत अशी, की कपाटात जायच्या प्रत्येक तुकड्यावर पारदर्शक लॅकरचा एक हात मारायचा. नखाला लावतात तसलंच, पण कडक. दिसत नाही, कळत नाही, तुकडा वर्षानुवर्षं झळकत राहतो. कपाटातून काढला की थिनरनं पुसून टाकायचा.

मुठी ओतल्या त्याच महिन्यात तपासणीवाले आले होते. सर खोलीत येऊन म्हणाले होते, “मावशी, तयार झालेल्या मुठी कपाटात पाहिजेत. दिवे लागल्यासारख्या दिसल्या पाहिजेत.” तयार होत्या दहा. मावशींनी दहांना लॅकर लावलं. तपासणीवाले आले, बघितलं, फोटो निघाले, गेले. चार दिवसांनी रुग्णालयातून निरोप आला, की सुतार आज मोकळा आहे, मुठी आजच पाठवा. मावशींनी नव्या घासलेल्या पंधरा आणि कपाटातल्या नऊ एका खोक्यात भरल्या. दहावी कपाटात शोभेला राहिली. थिनरची बाटली हाताशीच होती, पण सुतार दारात उभा होता.

म्हणजे रुग्णालयातल्या नऊ दारांवर लोक सहा महिने तांब्याला हात लावतच नव्हते. ते लॅकरला हात लावत होते.

पण असं वाटणं वेगळं आणि असणं वेगळं, एवढं त्या खोलीत राहून मावशी शिकल्या होत्या. परत येऊन त्यांनी कपाट उघडलं, दहावी मूठ काढली. अर्धी मूठ थिनरनं पुसली, अर्धी तशीच ठेवली. मग फळीवरून एचिंगची बाटली घेतली. हे औषध उघड्या धातूला किंचित खातं, म्हणून सूक्ष्मदर्शकाखाली धातूचे कण दिसतात. काडीनं एक थेंब पुसलेल्या बाजूला सोडला, एक न पुसलेल्या. मनात वीस आकडे मोजले आणि मूठ नळाखाली धरली.

पुसलेल्या बाजूला मळकट गोल डाग पडला होता. न पुसलेल्या बाजूला काहीच नव्हतं. थेंब अळवावरच्या पाण्यासारखा घरंगळून गेला होता.

मावशी स्टुलावर बसल्या. पुढच्या वर्षी त्या निवृत्त व्हायच्या होत्या. या अर्ध्या डागाच्या मुठीला थिनर लावलं, भंगारात टाकली, तर जगात कुणाला कळणार नव्हतं. पोरगी दहा मुठी काढून टाकील, सर खूश होतील, वन्संच्या नावानं एक ओळ छापली जाईल, ती वन्सं कधी वाचणार नाहीत. पण खरं सांगायचं तर मावशी यावर फार वेळ थांबल्या नाहीत. त्यांना दुसरंच कोडं छळत होतं. पोरगी म्हणाली होती दहा. कागदावर होत्या नऊ.

“म्हणजे तुमचं म्हणणं, ही सगळी चूक तुमची?” सर म्हणाले. त्यांच्या खोलीत पोरगी होती आणि डॉक्टरबाई शुक्रवारचे कागद बघायला आल्या होत्या. टेबलावर ती अर्धी डागाळलेली मूठ होती.

“लॅकर मी लावलं. काढायचं मी विसरले. मागचं मागं संपवलं नाही.”

“एकतीस वर्षांत असलं काही केलं नाहीत, अन् नेमकं याच वेळी?”

“एकतीस वर्षांत दिवे लागल्यासारखं दिसलं पाहिजे असंही कुणी म्हटलं नव्हतं, सर. तसं हजेरीच्या यंत्राला विचाराल तर त्या महिन्यात मी कामावर आलेच नव्हते.”

सरांना हसावं की चिडावं कळेना. डॉक्टरबाईंना मात्र कळलं. त्या हसल्या आणि लगेच गंभीर झाल्या. “मावशी, तुम्ही निकालाचा तक्ता पाहिलाय?”

“नाही. हिला मी सांगू नको म्हटलं होतं.”

“खरं?” त्यांनी पोरीकडं पाहिलं. पोरीनं मान हलवली. “मग तुमचा कागद द्या इकडं.”

डॉक्टरबाईंनी तक्ता मावशींना दिसणार नाही असा धरला आणि मावशींच्या पाठकोऱ्या कागदावरचा एकेक आकडा वाचत गेल्या. तीन. सहा. सात. दर आकड्याला तक्त्यात डोकावायच्या आणि पेनानं खूण करायच्या. अकरा, बारा, चौदा. सरांनी खुर्ची पुढं ओढली. अठरा. एकवीस. चोवीस.

“नऊच्या नऊ जुळल्या,” त्या म्हणाल्या. “नुसती चमक बघून.”

“अन् मी काय समजत होते,” पोरगी हळूच म्हणाली, “चकचकीत आहेत म्हणजे त्या जास्त स्वच्छ. तसं वहीत लिहिलंयसुद्धा. ‘मूठ स्वच्छ’.”

“दहावी कुठली?” मावशींनी विचारलं.

“सतरा.”

“सतरा काळी आहे. चांगली काळीकुट्ट. ते पाप माझं नाही.”

“मग कुणाचं?”

“ते मला काय माहीत. पण बघायला पाहिजे.”

सर एकदम उत्साहात आले होते. “अहो, हे तर सोनं आहे. लॅकर लावलेल्या नऊ आणि न लावलेल्या पंधरा. शुक्रवारी असंच मांडू, तुलनेसाठी मुद्दाम लावलं होतं म्हणून.”

पोरीनं चष्मा काढला आणि पुसायला लागली.

“मुद्दाम नव्हतं लावलं,” मावशी म्हणाल्या.

“तेच म्हणतेय मी,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “सर, झालं तसं लिहायचं. चुकून लागलं, कसं लागलं, कुणी शोधलं. अन् मग मुद्दाम करायचं. नव्या चोवीस मुठी. बारांना लॅकर, बारांना नाही, कुठली कुठल्या दाराला ते चिठ्ठ्या टाकून. आणि हिनं मोजताना हिला कळता कामा नये, कुठली कुठली.”

“बाई, तो बेत काही टिकायचा नाही,” मावशी म्हणाल्या. “महिन्यात अर्ध्या काळ्या पडल्या की आंधळ्यालाही कळेल.”

डॉक्टरबाई विचारात पडल्या. “बरोबर आहे. मग बोळा हिनं फिरवायचा, पण बशा माझ्याकडं पाठवायच्या. माझी माणसं ठिपके मोजतील. त्यांनी मुठी पाहिलेल्याच नसतील. बशीवर नुसता आकडा. अन् यादी एका पाकिटात, तुमच्याकडं.”

“माझ्याकडं?”

“तुम्ही सांगत नाही, हे आत्ताच पाहिलं की.”

शुक्रवारी दुपारी समिती दोन तास चालली. मावशींनी त्या वेळात नेहमीपेक्षा जास्त तुकडे केले आणि एकही धड केला नाही. सगळे परत सहाशेच्या कागदावर न्यावे लागले. चारच्या सुमारास जिन्यावर चपला वाजल्या. पोरगी आत आली आणि दाराला टेकून उभी राहिली.

“काय गं?”

“तीन महिने दिले. नवे आकडे आले की प्रबंध घेऊ म्हणाले. हे जुनं त्यातच एक प्रकरण म्हणून राहील, झालं तसं.”

“अन् रजा?”

“कॉलेजला पत्र देणारेत समितीचे अध्यक्ष.” ती स्टुलावर टेकली. “एका परीक्षकांनी विचारलं, चूक कुणाच्या लक्षात आली. मी म्हटलं, जिनं केली तिच्याच.”

“झालं. पार इज्जत काढलीस.”

“ते म्हणाले, असं फार क्वचित होतं.”

मावशींनी नाक पुसल्यासारखं केलं आणि नळ सोडला. “ते राहू दे. सतराचं काय? वन्संना मी विचारलं. म्हणाल्या, सतरा म्हणजे लहान मुलांच्या खोलीचं दार. आपटून आवाज होतो म्हणून परिचारिका मुठीला कापडाची पट्टी गुंडाळतात; मी गेले तेव्हा ती धुवायला टाकलेली. अन् तू यायच्या आधी तर आठवणीनं सोडून ठेवतात.”

पोरगी बघतच राहिली. “मी यायच्या आधी?”

“तुला नीट बोळा फिरवता यावा म्हणून. चांगल्या मनाच्या आहेत बिचाऱ्या. आता कापडामुळंच होतंय का आणखी कशानं, ते काही मला सांगता येत नाही. ते तुझं काम. जाऊन विचार, पण रागावू नकोस. अन् पुढच्या खेपेला न सांगता जा.”

पोरगी वही काढून लिहायला लागली. कोपऱ्यात ओतशाळेतून आलेलं खोकं पडलं होतं, चोवीस नव्या मुठी, खरखरीत, ओतकामाची वाळू अजून चिकटलेली. मावशींनी पहिली उचलली, खालचा नंबर पाहिला आणि सगळ्यांत जाड कागद चाकावर बसवला.

“लिहून झालं की उजेडातून बाजूला हो,” त्या म्हणाल्या, आणि चाक सुरू केलं.